दाजींच्या दुकानातला वास

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका डेअरीत मी एकोणीस वर्षं धक्क्यावर काम केलं. धक्का म्हणजे गावोगावचे टेम्पो येऊन जिथे दुधाचे कॅन उतरवतात ती जागा. कॅनचं झाकण उघडायचं, वाकून वास घ्यायचा आणि ‘चांगलं’ किंवा ‘परत’ म्हणायचं, एवढंच माझं काम. फॅट, डिग्री वगैरे तपासण्या नंतर प्रयोगशाळेत व्हायच्या. पहिला निकाल नाकाचा. सकाळच्या पाळीत साधारण साडेतीनशे कॅन व्हायचे. आंबूस दूध, धुराचा वास लागलेलं दूध, रॉकेलच्या हातानं धार काढलेलं दूध, आजारी गाईचं दूध, सगळं पहिल्या श्वासात कळतं. त्याच झाकणावर दुसरा श्वास घेतला की नाक सरावतं आणि काहीच सांगत नाही. म्हणून आम्हाला शिकवलेलं होतं की शंका आली तर बाहेर जायचं, मोकळी हवा घ्यायची आणि परत येऊन पहिल्यापासून वास घ्यायचा.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत वासाचीच आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, यजमानांचा, म्हणजे आमच्या दाजींचा, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो का कापावा लागला हे विचारणाऱ्याला घरचे ‘साखरेमुळं’ असं उत्तर देतात. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

दाजींचं घराणं वरकुट्याकडचं, पूर्वी मेंढरं राखणारं. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, शेवटचा कळप विकला तेव्हा दाजी वीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी बरीच वर्षं सोमेश्वरनगरला उसाचा ट्रॅक्टर चालवला. चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली, रात्रीच्या फेऱ्या झेपेनात, म्हणून ट्रॅक्टर सोडला आणि नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत इंदापूरला एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्यावर पत्र्याचा गाळा भाड्यानं घेऊन माशांचं दुकान टाकलं. शोभेच्या माशांचं. पहिले दोन महिने लोक पिशवी घेऊन यायचे आणि चिलापी कशी किलो म्हणून विचारायचे. उजनीचं पाणी एवढ्या जवळ असताना कुणी मासे नुसते बघण्यासाठी विकतं, हे त्या रस्त्याला पटायला वेळ लागला.

ही कल्पना त्यांना पुण्यात एका डॉक्टरच्या दवाखान्यात सुचली. नंबर यायला दीड तास लागला, तो दीड तास ते तिथल्या काचेच्या टाकीसमोर बसून होते. परत आल्यावर मला म्हणाले, “पावणं, ती मेंढरंच हायती बघा. एक वळलं की समदी वळत्यात.”

मला ते दुकान पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. माझी सुट्टी मंगळवारी असे. दर मंगळवारी सकाळच्या एसटीनं मी आक्काकडे इंदापूरला जायचो आणि दुकानात पाऊल टाकताच परत फिरावंसं वाटायचं. लोखंडी अँगलच्या मांडणीवर बारा टाक्या, खिडकीत काचेच्या बरण्यांत एकेकटे फायटर मासे, खाली कायम ओली फरशी. कोपऱ्यात एका थाळीत जिवंत खाद्य असायचं. केसांसारखे लाल बारीक किडे, गटारातून काढून धुतलेले, एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा झालेला आणि तो गोळा हळूहळू हलत असलेला. दाजी त्यातला चिमूटभर बोटांनी तोडून टाकीत सोडायचे आणि त्याच हातानं चहाची बशी धरायचे. मी त्यांना दोनदा साबण आणून दिला. दोन्ही वड्या तशाच कागदात राहिल्या.

त्याहूनही मला किळस यायची ती त्यांच्या एका बोलण्याची. कुणी गिऱ्हाईक मासा मेल्याची तक्रार घेऊन आला की दाजी आवाज खाली आणून सांगायचे, तुमच्या घरावर काहीतरी येणार होतं, ते त्या माशानं स्वतःवर घेतलं. गिऱ्हाईक गंभीर व्हायचा. घरात कोण आजारी होतं, कुणाची गाडी घसरता घसरता वाचली, हे त्याला तिथल्या तिथे आठवायचं. मग तो दुसरा मासा घेऊन जायचा. यात हायस्कूलचे मास्तर होते, औषधाचे दुकानदार होते. ज्या दिवशी इंदापुरात सहा तास लाईट नव्हती, त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ घरांचे मासे मेले आणि नऊही घरांवरची संकटं टळली. मी दाजींना विचारलं की हे तुम्ही विकण्यासाठी बोलता की खरं मानता. त्यांनी मला आबांच्या एका एडक्याची गोष्ट सांगितली. आबा तापानं फणफणले होते, आठवड्यानं एडका उभ्या उभ्या पडला आणि आबा उठून बसले. “जित्राब धन्यावरचं घेतं,” ते म्हणाले. “पोटाला घालतो त्याला आपण.” ते मानत होते. मला ते जास्तच वाईट वाटलं. लबाडी असती तर निदान तिला सीमा असती.

आता लाईटचं. उन्हाळ्यात ती रोज जायची. कधी सकाळी दहाला, कधी दुपारी एकला. दोन तास म्हणून जायची आणि चार तासांनी यायची. बारा टाक्यांना मिळून हवेचा एक मोठा पंप होता. तो चालू असला की दुकानात सारखा बुडबुड्यांचा आवाज असे. लाईट गेली की तो आवाज एकदम थांबायचा आणि दाजी, समोर कुणीही असो, बोलणं अर्धवट सोडून उठायचे. पहिला अर्धा तास काही होत नाही. मग गोल्डफिश वर येऊ लागतात. पाण्याच्या पातळीला तोंड लावून उघडझाप करतात. तासाभरानं टाकीतले सगळे वर आलेले असतात आणि वरून पाहिलं की नुसती तोंडंच दिसतात. मग एखादा तिरका होतो, पोट वर करतो, पुन्हा सरळ होतो, पुन्हा तिरका होतो. पत्र्याखाली पाण्याचा पारा चौतीसपर्यंत जायचा. गरम पाण्यात हवा कमी राहते आणि माशाला मात्र जास्त लागते. हे मी एका प्राध्यापकांना विचारून घेतलं होतं. मेलेला मासा गरम पाण्यात दोन तासांत फुगतो. त्याचे डोळे पांढरे होतात, अंगावरचा बुळबुळीत थर सुटून पाण्यात लोंबतो आणि बाकीचे त्याला टोचू लागतात. तो थर जाळीनं काढताना हाताला लागतो आणि साबणानंही लवकर जात नाही.

गुरामी आणि फायटर मात्र टिकायचे. ते पाण्यावर येऊन सरळ वरची हवा घेतात. दाजींना त्यांचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव गोल्डफिशवर.

लाईट गेली की ते तांब्यानं टाकीतलं पाणी उंचावरून त्याच टाकीत ओतत राहायचे. पाणी पडताना हवा मिसळते. एका टाकीला वीस तांबे, मग दुसरी टाकी. बारा झाल्या की पुन्हा पहिली. जेवायला ते घरी जात नसत. आक्का डबा आणायची आणि ते ओतत असताना त्यांच्या तोंडात घास द्यायची. लग्नाला, मयतीला जाणं बंद झालं. साखर तपासायला दर महिन्याला बारामतीला यायचं ठरलं होतं, तेही सुटलं. मी म्हणालो, एक दिवस काही होत नाही. ते म्हणाले, “कळप सोडून राखण्या जात न्हाय, पावणं.” हे बोलताना त्यांच्या हनुवटीवरून पाणी निथळत होतं आणि त्या पाण्याला वास होता.

मी आक्काला सांगितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तारखेच्या चौकोनात लिहीत जा. लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, किती मासे मेले. माझा विचार असा होता की दोन महिन्यांचा तक्ता करून वीज कचेरीत अर्ज द्यावा. पिठाच्या गिरणीवाल्यांना आधी वेळ कळवतात, तशी यांना कळवा, एवढंच मागायचं. आक्का सातवी शिकलेली, अक्षर बारीक आणि सुवाच्य. ती नेमानं लिहू लागली.

ट्यूबची युक्ती दाजींची स्वतःची. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडून फुगवून आणायची, तिच्या तोंडाला टाकीची बारीक नळी जोडायची आणि चिमटा लावून हवा थोडी थोडी सोडायची. मी घड्याळ लावून पाहिलं. एका ट्यूबची हवा चार टाक्यांना अडतीस मिनिटं पुरली. मला ती युक्ती खरंच आवडली. पण दुसऱ्या मंगळवारी मी टाकीवर वाकलो आणि पहिल्याच श्वासात ओळखलं. ऑईलचा वास होता. पंक्चरवाल्याच्या मशीनमधून हवेबरोबर ऑईलचा फवारा येत होता आणि पाण्यावर रंगीत तवंग धरला होता. तवंगाखालचे मासे पंपाशिवाय मरत होते त्याहून लवकर मरत होते. दाजी माझ्या नाकावर खूष झाले. शेजारच्या सलूनवाल्याला हाक मारून म्हणाले, “बघ, आमचं पावणं नाकानं वाचत्यात.”

मग मीच उपाय सांगितला. मशीनची हवा नको, पायानं दाबायचा पंप घ्या. जीपला असतो तसला. ट्यूब भरायला वेळ लागेल, पण हवा स्वच्छ मिळेल. त्यांनी तो घेतला. आणखी एक गोष्ट मीच केली. ओल्या फरशीत विजेच्या वायरी लोंबत असायच्या, म्हणून डेअरीतले माझे जादा गमबूट त्यांना नेऊन दिले. धक्क्यावर आम्हाला दोन जोड मिळत. पाय कोरडा राहील, शॉक बसणार नाही, हा माझा हिशोब. हिशोबात चूक नव्हती.

चैत्राच्या शेवटी एक टाकी फुटली. ओतण्याच्या घाईत तांब्या काचेवर आदळला. तेव्हा दाजी अनवाणी होते, गमबूट अजून यायचे होते. उजव्या तळव्यात काच गेली. ती त्यांना कळलीच नाही. आक्काला फरशीवर लाल पाणी दिसलं म्हणून पाहिलं. हळद भरली, फडकं बांधलं. पुढच्या मंगळवारी मी विचारलं, दुखतं का. ते म्हणाले, “अजाबात न्हाय.” मला बरं वाटलं. दुखत नाही म्हणजे बरं होत आहे, असं मी समजलो. साखरेच्या माणसाच्या पायाला दुखणं कळत नाही आणि न दुखणं हीच तिथे धोक्याची खूण असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. माशांना हवा किती लागते हे विचारायला मात्र मी प्राध्यापकांच्या घरी दोनदा गेलो होतो.

त्याच पायानं ते पंप दाबायचे. एक ट्यूब भरायला सहाशेच्या आसपास दाब. मी मोजले होते. चार तास लाईट नसली की किती ट्यूबा लागतील, याचाही मी गुणाकार करून ठेवला होता.

वैशाखात दुकानातला वास वाढला. मी आत गेलो की पहिल्या श्वासालाच तो जाणवायचा, पण मेलेल्या माशांची बादली दारातच असे, त्यामुळे वास कशाचा हा प्रश्न पडत नसे. मी नाकाला रुमाल लावून कॅलेंडरसमोर बसायचो आणि आकडे उतरून घ्यायचो. तास, मिनिटं, मेलेले मासे. आक्का चौकोनात कधी कधी आणखी काही लिहायची. ‘पाय सुजला.’ ‘ताप.’ ‘बूट निघंना.’ ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणता येणार नाही, कारण त्याच चौकोनातून मी बाजूचा आकडा उचलत होतो. पण माझ्या तक्त्यात तीन रकाने होते आणि हे त्यातल्या कशात बसत नव्हतं. मी तिला एकदा सांगितलंसुद्धा की फक्त आकडे लिही, चौकोन लहान आहे.

अर्ज दिला. कचेरीतल्या माणसानं तक्ता उलटसुलट पाहिला आणि मासे खायचे का बघायचे, असं विचारलं. बघायचे म्हटल्यावर त्यानं तो दुसऱ्या ढिगावर ठेवला. मला त्याचा राग आला होता. आज तेवढा येत नाही.

मग त्या भागाचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. बदली डीपी यायला पाच दिवस लागणार असं कळलं. मी मंगळवारी पोचलो तो चौथा दिवस होता. स्टँडवर उतरलो तेव्हाच मला वाऱ्यावर कुजका वास आला. रस्त्यावरची माणसं गाळ्यासमोरून जाताना पलीकडच्या कडेनं चालत होती. सलूनवाल्यानं दाराला पोतं ओलं करून लावलं होतं. मला पाहून म्हणाला, “दाढी करायला येणारं बी नाक धरून येतंय. फेस लावू कुठं?”

आत पाण्याचा रंग ताकासारखा झाला होता. मासे वर तरंगून, फुगून एकमेकांना चिकटले होते. हात लावला की काहींचं पोट फुटत होतं. पाण्यावर जाड साय धरली होती आणि सायीवर माशा. मी धक्क्यावर नासलेलं दूध पाहिलंय, मेलेला उंदीर निघालेला कॅन पाहिलाय. असं पाहिलं नव्हतं. दाजी स्टुलावर बसले होते. चेहरा राखेसारखा, डोळे लाल. पायपंप समोर होता आणि उजवा पाय अजून त्यावर ठेवलेला होता. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंप मारला, मग अंगातलं बळ गेलं, असं आक्कानं सांगितलं. अंग तापलं होतं. मला वाटलं, चार दिवसांचं जागरण आणि या हवेत बसणं. कुणालाही ताप येईल.

मी शर्ट काढून ठेवला आणि कामाला लागलो. आक्का पाणी उपसत होती, मी जाळीनं मासे काढून बादलीत मोजून टाकत होतो. दाजींना उठू दिलं नाही. ते स्टुलावरून संख्या विचारायचे, मी सांगायचो. गोल्डफिश चौसष्ट. मोली अठ्ठावन्न. गप्पी सत्तेचाळीस. एंजल बारा. टायगर बार्ब चोवीस. एकूण दोनशे पाच. जिवंत एकवीस, त्यात आठ गुरामी आणि तेरा फायटर. दाजींकडे डीपी जळायच्या आदल्या संध्याकाळची मोजणी होती. मेंढरं मोजायची सवय त्यांनी सोडली नव्हती. दोनशे सव्वीस. बेरीज तंतोतंत जुळली. एकही मासा कमी नाही, एकही जास्त नाही. मागच्या पडीक जागेत खड्डा करून चुना टाकून सगळं पुरलं. टाक्या रिकाम्या करून पालथ्या घातल्या. फरशी तीन वेळा फिनेलनं धुतली. दुपारचे दोन वाजले होते.

आणि वास गेला नव्हता.

फिनेलच्या खाली तो होताच. आक्का म्हणाली, भिंतीत मुरला असेल. मी म्हणालो, एखादा मासा उडी मारून मांडणीमागे पडला असेल. पण मासे जुळले होते. जे जुळलंय त्यात एक मासा जास्त निघत नाही. मी मांडणी ओढून पाहिली, पंपाची पेटी उघडून पाहिली, किड्यांची थाळी तर सकाळीच फेकली होती. मग मला आमचा नियम आठवला. मी रस्त्यावर गेलो, स्टँडच्या मैदानापर्यंत चालत गेलो, दहा-पंधरा मोकळे श्वास घेतले, परत आलो आणि दारातून आत पाऊल टाकताना एकच श्वास घेतला.

तो माशांचा वास नव्हता. माशांचा वास खारट आणि ओला असतो. हा गोडसर होता. एकदा कळल्यावर तो मला पूर्वी कितीतरी मंगळवारी आला होता, हेही कळलं. मी मांडणीपाशी वाकलो, मग खाली, मग डावीकडे. नाक खाली नेत नेत मी स्टुलापाशी आलो आणि मीच दिलेल्या गमबुटाच्या तोंडाशी थांबलो.

दाजी वरून म्हणाले, “आता काय बूट बी हुंगताय व्हय, पावणं?”

बूट निघाला नाही. सलूनवाल्याचा वस्तरा आणून तो उभा चिरला. आतलं मी पूर्ण लिहिणार नाही. फडकं कातडीत रुतलं होतं, ते ओढलं तसं त्याच्याबरोबर आणखीही आलं. दोन बोटं काळी होती. तळव्यातल्या भोकात अंगठा गेला असता. बुटाच्या तळाशी जे साचलं होतं ते फरशीवर आलं आणि नुकत्याच धुतलेल्या फरशीवरून मोरीकडे गेलं. दाजी ते दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसं बघत होते. त्यांना दुखत नव्हतं. मी दारात जाऊन ओकलो.

आक्का ओकली नाही. ती कॅलेंडरपाशी गेली, ते खिळ्यावरून काढलं आणि माझ्यासमोर धरलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “मी लिव्हत हुते की. तू वाचत हुतास म्हणून लिव्हत हुते.”

जीप ठरवली. दाजी चढेनात. एकवीस हायती अजून, त्यांचं कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाणेरडं बोललो. त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी सलूनवाल्यानं तेरा बरण्या उचलून आपल्या आरशासमोर ओळीनं मांडल्या, गुरामींची बादली खुर्चीखाली ठेवली, दाजींनी ते जीपमधून मान काढून पाहिलं, तोंडातल्या तोंडात मोजलं आणि मगच जीप हलली.

बारामतीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि बोटांवर भागणार नाही असं सांगितलं. महिनाभर आधी आला असतात तर बोटांवर भागलं असतं, असंही सांगितलं. मी मनात महिनाभर मागे गेलो. त्या काळातले चारही मंगळवार मी त्या पायापासून तीन हातांवर बसलो होतो, रुमाल लावून.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दाजी नीट बोलू लागले. आक्का त्यांना मोसंबी सोलून देत होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “पावणं, दोनशे पाच मेलं. एकानं बी माझं घेतलं न्हाय.”

आक्कानं मोसंबीची साल पिशवीत टाकली आणि म्हणाली, “ती कशाला घेतील? तुमीच त्यांचं घेत बसला हुता.”

दुकान पुन्हा उघडलं नाही. टाक्या कुणीतरी नेल्या. फायटर सलूनवाल्याकडेच राहिले आणि त्याची गिऱ्हाइकं म्हणे बरण्या बघत दाढीला थांबू लागली. त्यातला एखादा मेला की तो काय सांगतो, हे मी कधी विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

कापलेल्या पायाची जखम भरायला पाच महिने लागले. ड्रेसिंग आक्का स्वतः करायला शिकली. मी मंगळवारी गेलो की ती पाणी, कापूस, डबा सगळं मांडून ठेवायची, पट्टी सोडायची आणि मला बोलवायची. पहिल्या मंगळवारी मला कळलं नाही की माझं काय काम.

“वास घे,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. दाजींनी मान भिंतीकडे केली होती. मला शिसारी आली. ती किळस मला आजही येते आणि ती येऊ नये असं मी म्हणतही नाही. मी अंगणात गेलो, दहा मोकळे श्वास घेतले, आत आलो, त्या आखूड पायावर झाकण उघडलेल्या कॅनवर वाकावं तसा वाकलो आणि एकच श्वास घेतला. औषधाचा वास, कापसाचा वास, घामाचा वास. त्याच्या खाली काही नव्हतं.

“चांगलं,” मी म्हणालो.

आक्कानं कॅलेंडरच्या चौकोनात ते लिहिलं आणि पट्टी बांधायला घेतली.